दिव्याखालचा हिशेब

२०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. तास संपवून मी हाताला लागलेला खडू झटकत होतो, तेवढ्यात बारावीच्या वर्गातली एक विद्यार्थिनी टेबलाशी येऊन उभी राहिली. तिचे गाव आमच्या तालुक्याच्या गावापासून बरेच आत, एस.टी.च्या फेऱ्या दिवसाला दोन. म्हणून ती कॉलेजजवळ एका आजींच्या घरी खोली घेऊन राहत होती. अभ्यास झाला का, असे मी विचारण्यापूर्वीच ती म्हणाली, "सर, रात्री दहा वाजले की आजी खोलीत येतात, स्टुलावर चढतात आणि पदराने धरून बल्ब काढून घेऊन जातात. बिल वाढलंय, ते तुझ्या दिव्यामुळे, म्हणतात. परीक्षेला तीन महिने राहिलेत. खोली सोडावी, तर दुसरी कुठे मिळेल?"

आजी वाईट नव्हत्या. एकट्या राहत होत्या, खोलीचे भाडे आणि थोडेसे निवृत्तिवेतन यांवर त्यांचे भागत होते, आणि वाढलेले बिल त्यांना खरोखरच डाचत होते. मुलीचा अभ्यास तर बंद पडून चालणार नव्हता. अशा भांडणात मध्यस्थी करणे हे काही भौतिकशास्त्राच्या अध्यापकाचे काम नव्हे. पण तिच्या बोलण्यातला एक तपशील मला सोडवेना. आजी बल्ब पदराने धरतात! का? कारण तो हाताला चटका देतो. मी तिला म्हटले, "निम्मे उत्तर त्या पदरातच आहे. उरलेले तुमच्या घराच्या मीटरवर मिळेल." आणि तिला एक गृहपाठ दिला. तो कोणता, ते पुढे येईलच. आधी तो चटका कशाचा, ते पाहू.

वॉट आणि ल्युमेन

दुकानात जाऊन "शंभरचा बल्ब द्या" असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. यामुळे एक गैरसमज पक्का झाला आहे. तो असा, की वॉट हे प्रकाशाचे माप आहे. वॉटचा आणि प्रकाशाचा थेट संबंध नाही. दिवा दर सेकंदाला किती ज्यूल ऊर्जा घेतो, एवढेच वॉट सांगतो. बाजारातून आलेल्या माणसाने पिशवी न उघडता फक्त किती पैसे खर्च झाले ते सांगावे, तसे हे आहे. पिशवीत भाजी किती, हे सांगणारे माप वेगळे आहे. त्याचे नाव ल्युमेन. आपल्या डोळ्याला जाणवेल असा प्रकाश दिव्यातून एकूण किती बाहेर पडतो, ते ल्युमेनमध्ये मोजतात. हल्ली दिव्याच्या खोक्यावर वॉटच्या शेजारी हा आकडाही छापलेला असतो. एकदा वाचून पाहा.

आता दोन्ही आकड्यांचा भागाकार करू. १०० वॉटचा तारेचा बल्ब सुमारे १३५० ल्युमेन प्रकाश देतो. म्हणजे वॉटमागे तेरा-चौदा ल्युमेन. जुनी ४० वॉटची ट्यूबलाइट सुमारे २४०० ल्युमेन देत असे. पण तिच्या लोखंडी चोकमध्ये आणखी दहा-पंधरा वॉट खर्च होत, ते धरले तर वॉटमागे पंचेचाळीसच्या आसपास. आणि आजचा ९ वॉटचा एलईडी दिवा देतो सुमारे ९०० ल्युमेन, वॉटमागे शंभर!

या रांगेच्या अगदी तळाशी कोण आहे, हे ठाऊक आहे? आपली रॉकेलची चिमणी. बाटलीच्या बुचातून वात काढलेली ती चिमणी तासाला साधारण १० मिलिलिटर रॉकेल जाळते. तेवढ्या रॉकेलचे वजन ८ ग्रॅम, आणि ग्रॅमला सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता धरली, तर तासाला ३४४ किलोज्यूल. याला ३६०० सेकंदांनी भागा. उत्तर येते ९६ वॉट! म्हणजे चिमणी आजींच्या बल्बएवढीच ऊर्जा खाते आणि प्रकाश देते दहा ल्युमेनच्या घरातला. 'गरिबाचा दिवा' म्हणून आपण जिला ओळखतो, ती ऊर्जेच्या हिशेबात सर्वांत उधळी निघते. ज्यांनी तिच्या उजेडात अभ्यास केला, त्यांनी प्रकाशाची किंमत सर्वांत जास्त मोजली.

तापलेल्या तारेची गोष्ट

बल्बमध्ये टंग्स्टनची बारीक गुंडाळी असते. तिच्यातून विद्युत् प्रवाह गेला की ती तापते. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तुकडा जसा आधी नुसता गरम, मग लालभडक आणि मग पिवळसर दिसतो, तसेच येथेही घडते. तापलेला पदार्थ प्रारण बाहेर टाकतो; पण ते सगळे प्रारण डोळ्यांना दिसत नाही.

कोणत्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीचे प्रारण सर्वांत जास्त असेल, हे वीनच्या नियमाने काढता येते. २८९८ या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागले की तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्विन. भागाकार येतो अर्धा मायक्रोमीटर. ही तरंगलांबी दृश्य वर्णपटाच्या ऐन मधोमध पडते. आपले डोळे सूर्याखालीच घडले आहेत. बल्बची तार मात्र सुमारे २८०० केल्विनपर्यंतच तापवता येते. टंग्स्टन ३७०० केल्विनच्या जरा अलीकडे वितळतो, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची वाफ होऊ लागून तार झिजते. २८०० घेऊन भागाकार करा. उत्तर एक मायक्रोमीटरच्या किंचित वर. दृश्य प्रकाश तर ०.७ मायक्रोमीटरलाच संपतो! म्हणजे या दिव्याच्या प्रारणाचे शिखरच मुळी अवरक्त भागात, डोळ्यांच्या आवाक्याबाहेर आहे. १०० वॉटपैकी पाच ते दहा वॉट प्रकाशाच्या रूपाने मिळतात. बाकीचे नव्वद उष्णतेच्या रूपाने. आजींचा पदर या नव्वद वॉटांसाठी होता.

हा दोष कोणा कारखानदाराचा नाही. एडिसनने १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा पेटवला. कूलिजने १९१० च्या सुमारास टंग्स्टनची लवचिक तार काढली. लँगम्यूरने १९१३ मध्ये बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरून तारेची झीज कमी केली. या तिघांनीही आपापल्या परीने तार अधिक तापवण्याचीच सोय केली. पण टंग्स्टनचा वितळणबिंदू ओलांडणार कोण?

तार थोडी थंड झाली तर काय होते, हे माझ्या पिढीला पुस्तकाविना ठाऊक आहे. लहानपणी आमच्या गावात संध्याकाळी विहिरींवरचे पंप आणि पिठाची गिरणी एकदम सुरू झाली की विजेचा दाब उतरे आणि घरातला बल्ब निखाऱ्यासारखा लालसर होई. दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, तर ६० वॉटचा बल्ब सुमारे ४० वॉट घेतो. एक-तृतीयांश खर्च वाचला, असे वाटेल. पण प्रकाश निम्म्याहूनही खाली गेलेला असतो! तारेचे तापमान उतरल्यामुळे प्रारणाचे शिखर अवरक्तात आणखी आत सरकते. मंद केलेला तारेचा बल्ब म्हणजे बचत नव्हे, हे यावरून लक्षात येईल. झिरोच्या बल्बाचेही असेच आहे. पण तो पुढे भेटणार आहे.

न तापवता उजेड

यातून सुटण्याचा मार्ग एकच होता. पदार्थ तापवून प्रकाश मिळवायचा, ही कल्पनाच सोडून द्यायची. ट्यूबलाइटने ती सोडली. नळीतल्या पाऱ्याच्या बाष्पातून विद्युत् प्रवाह गेला की पाऱ्याचे अणू जंबुपार किरण बाहेर टाकतात. नळीच्या आतल्या बाजूला लावलेली पांढरी भुकटी ते शोषून घेते आणि दृश्य प्रकाश देते. या क्रियेला अनुस्फुरण म्हणतात. सीएफएल दिवा म्हणजे हीच नळी वळवून लहान केलेली. मात्र जंबुपार प्रकाशकणाची ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि त्यापासून मिळणाऱ्या दृश्य प्रकाशकणाची सव्वादोनच्या आसपास. म्हणजे नोट मोडताना निम्म्याहून जास्त पैसे दलालाच्या खिशात! शिवाय आत पारा असतो. फुटलेली ट्यूब किंवा सीएफएल हाताने गोळा करू नये. खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबावे.

एलईडीची रीत आणखी वेगळी आहे. तुमच्या पुस्तकात पी-एन संधी असलेला अर्धसंवाहक डायोड आहे. त्यातून प्रवाह गेला की इलेक्ट्रॉन आणि पोकळी एकमेकांना भेटतात, इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली उतरतो आणि मधल्या फरकाएवढी ऊर्जा बाहेर पडते. योग्य पदार्थ निवडला तर ती प्रकाशकणाच्या रूपात मिळते. फरक लहान असेल तर लाल प्रकाश, मोठा असेल तर निळा. हिशेब सोपा आहे. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी सुमारे २.७६.

लाल एलईडी होलोन्याक यांनी १९६२ मध्येच करून दाखवला होता. पुढे हिरवाही आला. निळा मात्र तीस वर्षे हुलकावणी देत राहिला, कारण त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिकच वाढवता येईनात. अनेकांनी नाद सोडला. जपानमधील अकासाकी, त्यांचे विद्यार्थी अमानो, आणि एका खासगी कंपनीत स्वतंत्रपणे काम करणारे नाकामुरा यांनी तो सोडला नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेजस्वी निळा एलईडी तयार झाला आणि २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. निळ्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असे विचाराल. निळा प्रकाश पिवळी भुकटी लावून थोडा पिवळा करता येतो, आणि निळा-पिवळा एकत्र आले की डोळ्याला पांढरे दिसते. येथेही नोट मोडावी लागते, पण २.७६ ची २.२, तोटा पाचव्या हिश्श्याचा. लालापासून निळा मात्र असा करता येत नाही. लहान नोटेची मोठी नोट कोण देईल?

एलईडी दिवा मुळीच तापत नाही, हेही खरे नाही. घेतलेल्या ऊर्जेपैकी मोठा भाग त्यातही उष्णताच होतो. पण मुळात घेतो नऊ वॉट. तेव्हा उष्णता होऊन होऊन किती होणार? तरी ती बाहेर पडायला वाट हवी. बंद काचेच्या हंडीत कोंबलेला एलईडी लवकर बिघडतो.

मीटर डोळा मिचकावतो

आता त्या गृहपाठाकडे वळू. तो तुम्हीही घरी करून पाहा. मोठ्या माणसांना विचारून करा, आणि मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. आजच्या मीटरवर एक बारीक लाल ठिपका अधूनमधून लुकलुकतो. त्याच्या शेजारी दर युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, हा आकडा छापलेला असतो. आजींच्या मीटरवर तो ३२०० होता. तुमच्याकडे वेगळा असू शकेल. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागा: ११२५ ज्यूल. मीटरने एकदा डोळा मिचकावला की समजावे, घरात ११२५ ज्यूल खर्च झाले. मग दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि त्यांनी ११२५ ला भागा. त्या क्षणी घरात किती वॉट चालू आहेत, ते मिळाले!

विद्यार्थिनीने रात्री आठ वाजता प्रयोग सुरू केला. घरात फ्रीज नव्हता. टीव्हीचा प्लग काढला, पंखे बंद, दिवे बंद. आता ठिपका स्थिर राहायला हवा होता. तो राहिना! दर ३७-३८ सेकंदांनी लुकलुकतच होता. ११२५ भागिले ३७.५ म्हणजे ३० वॉट. सगळे बंद असताना ३० वॉट कोण खाते आहे? कोणी बाहेरून वायरवर आकडा टाकला आहे की काय, अशी शंका तिला आली. दुसऱ्या दिवशी ती धावत माझ्याकडे आली, तेव्हा मीही चक्रावलो. "अंधारात तुला मीटर दिसला कसा?" असे मी सहज विचारले आणि ती एकदम गप्प झाली. जिन्यात झिरोचा बल्ब होता. त्याच्या उजेडात तिने मीटर वाचला होता. आणि देव्हाऱ्यात तसाच दुसरा, लाल रंगाचा, रात्रंदिवस जळत होता. दोघींपैकी कोणीही त्यांना 'दिवे' म्हणून मोजलेच नव्हते.

झिरोचा बल्ब शून्य वॉटचा नसतो. तो १२ ते १५ वॉटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरांना एवढा लहान भार नीट टिपता येत नसे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आजचे मीटर तो चुकवत नाहीत. शिवाय बारीक, कमी तापणाऱ्या तारेमुळे तो वॉटमागे सात-आठ ल्युमेनच देतो, आणि वर लाल रंग दिला की तेही पुरते बाहेर पडत नाहीत.

मग आम्ही कागदावर आकडे मांडले. मुलीचा दिवा १०० वॉट, रात्रीचे तीन आणि पहाटेचा एक असे चार तास: महिन्याला १२ युनिटे. जिन्यातला झिरो १५ वॉट, रात्री आठ ते सकाळी सहा: साडेचार युनिटे. देव्हाऱ्यातला झिरो चोवीस तास: १०.८ युनिटे. दोन 'शून्यां'ची बेरीज १५.३! मुलीच्या शंभर वॉटच्या दिव्यापेक्षा त्यांचाच खर्च जास्त. हिशेबापुरता युनिटला ८ रुपये दर धरला, तर तिचे ९६ रुपये आणि शून्यांचे १२२. मला स्वतःला हे उत्तर अपेक्षित नव्हते. मी फक्त बल्ब बदलायला सांगणार होतो.

पुस्तकावर किती पडतो?

बल्ब बदलण्याची गोष्ट मात्र तितकी सरळ निघाली नाही. मुलीनेच हरकत घेतली. "सर, १०० वॉटचे १३५० ल्युमेन आणि ९ वॉटचे ९००. म्हणजे उजेड कमीच झाला की." बरोबर होते तिचे. खोक्यावर '१०० वॉटच्या बदली' अशी भाषा दिसली, तरी ल्युमेनचा आकडा पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये.

पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघालेला एकूण प्रकाश. तो खोलीभर पसरतो. वाचणाऱ्याला लागतो तो पुस्तकाच्या पानावर पडणारा. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की त्या प्रदीपनाला एक लक्स म्हणतात. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. वाचन-लेखनाला सुमारे ३०० पुरतात. आजींचा बल्ब छताला, टेबलापासून दोन मीटर उंच. दिव्याभोवती दोन मीटर त्रिज्येचा गोल कल्पा. त्याचे क्षेत्रफळ चार पाय त्रिज्यावर्ग, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. १३५० ल्युमेन त्यावर वाटले गेले. वाट्याला आले २७ लक्स. भिंतींवरून परतून येणारा थोडाफार वेगळा, पण त्या भिंती निळ्या रंगाच्या आणि धुरकटलेल्या होत्या. म्हणजे शंभर वॉट जाळूनही ती बिचारी अपुऱ्या उजेडातच वाचत होती.

आता ९ वॉटचा दिवा वायरने खाली आणून टेबलाच्या वर ७० सेंटिमीटरवर टांगा. त्या गोलाचे क्षेत्रफळ फक्त सव्वासहा चौरस मीटरच्या आत. ९०० भागिले ६.१६ म्हणजे जवळजवळ १४६ लक्स. पाचपटीहून जास्त! वर आतून पांढरी अशी टोपी बसवली की छताकडे जाणारा प्रकाशही पानावर येतो आणि मजल तीनशेच्या आसपास जाते. मुलीने टोपी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची केली, पाठकोरी बाजू आत. बुडाशी हवा खेळायला जागा सोडली. तारेच्या बल्बवर असली कागदी टोपी करू नका, पेट घेईल; पुन्हा तोच पदर!

दोन दिव्यांची तुलना यंत्राशिवायही करता येते. एका कागदावर तेलाचा थेंब टाकून डाग पाडा. कागद दोन दिव्यांच्या मध्ये उभा धरा आणि पुढे-मागे सरकवा. एका जागी डाग दिसेनासा होतो. तेथे दोन्ही बाजूंचे प्रदीपन सारखे. मग दोन्ही अंतरांच्या वर्गांचे गुणोत्तर म्हणजेच दिव्यांच्या दीप्तीचे गुणोत्तर. बुन्सेनच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाशमापक तो हाच. १५ वॉटचा साधा पारदर्शक बल्ब आणि ९ वॉटचा एलईडी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत अंतरे आली २५ आणि ७१ सेंटिमीटर. गुणोत्तर करा: आठ. कमी वॉटचा दिवा आठपट तेजस्वी! एलईडीचा प्रकाश समोरच्या बाजूला अधिक असतो, म्हणून हे माप ढोबळच समजावे.

जाता जाता वर्गात दरवर्षी येणाऱ्या एका प्रश्नाचा निकाल लावू. दिवा सारखा चालू-बंद केल्याने वीज जास्त जाते का? जुनी ट्यूब पेटताना जी जास्तीची ऊर्जा लागे, ती काही सेकंदांच्या जळण्याएवढीच. वारंवार पेटवल्याने तिचे आयुष्य मात्र घटत असे. त्यातून ही समजूत रूढ झाली. एलईडीला तीही भीती नाही. खोलीबाहेर पडताना खुशाल बटण बंद करा.

कोळशापासून पानापर्यंत

आजींच्या बल्बची साखळी उलटी चालत गेलो तर आपण चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात पोचतो. तेथे एक युनिट तयार करायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. कोळशाच्या उष्णतेतले १०० ज्यूल घ्या. बाष्प आणि टर्बाइन या वाटेने त्यांतले सुमारे ३३ वीज होतात. तारांतून घरापर्यंत येताना काही गळतात. २८ पोचले असे धरू. तारेचा बल्ब त्यांतून जेमतेम दोन ज्यूल प्रकाश देतो, आणि तोही छतावरून सगळ्या खोलीत विखुरलेला. म्हणूनच या साखळीच्या शेवटच्या कडीत वाचवलेला एक ज्यूल खाणीच्या टोकाला तीन-साडेतीन ज्यूल वाचवतो. आपल्या देशात जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, तिच्यामागे हाच विचार होता. सरकारने एलईडी दिवे एकगठ्ठा खरेदी करायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. या योजनेतून आजवर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले आहेत. आमच्या विद्यार्थिनीने शंभर रुपयांच्या आत आणलेला दिवा त्यांतलाच.

तो लावल्यावर तिने आजींना व्हरांड्यात मीटरसमोर खुर्ची टाकून बसवले आणि हातात स्वयंपाकघरातले घड्याळ दिले. आधी जुना बल्ब: झिरोंसकट दर साडेआठ-नऊ सेकंदांनी लुकलुक. मग नवा: २९ सेकंदांनी. मग दोन्ही झिरो काढून नुसता नवा: आजी वाट बघून कंटाळल्या, तेव्हा कुठे दोन मिनिटे होऊन गेल्यावर ठिपका लुकलुकला. त्यांनी वॉट, ल्युमेन काही विचारले नाही. "झिरो म्हणतात आणि एवढं खातो?" एवढेच म्हणाल्या. त्यानंतर रात्री दहा वाजता स्टूल काही आले नाही.

जिन्यातला झिरो गेला. तेथे अर्ध्या वॉटचा एलईडी आला. देव्हाऱ्यातल्या दिव्याला मात्र आजी बरेच दिवस हात लावू देईनात. अखेर त्यांनी अट घातली, की नवा दिवाही लालच हवा, पांढरा चालणार नाही. तीही अडचण नव्हती. लाल तर १९६२ पासूनच तयार होता. तो अर्ध्या वॉटचा दिवा रात्रंदिवस जळून महिन्याला एक-तृतीयांश युनिट घेतो. काढलेला १०० वॉटचा बल्ब त्या मुलीने मला आणून दिला. वीनचा नियम शिकवताना मी तो दरवर्षी डिमरस्टॅटला जोडून लाल, नारिंगी, पिवळा करून दाखवतो, आणि उतरवताना आजही रुमालाने धरतो.